सोनोग्राफी, सीटी, एमआरआय की पेट: कुठला स्कॅन कशासाठी?

डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, त्यापेक्षा सरळ एमआरआयच करून टाकू ना, एकदाचं सगळं कळेल. पण तसं होत नाही. सोनोग्राफी खालची, सीटी मधली आणि एमआरआय सगळ्यात वरची अशी काही उतरंड नाहीये, प्रत्येक मशीनला काहीतरी छान दिसतं आणि काहीतरी अजिबात दिसत नाही.

पित्ताशयातले खडेच घ्या. सोनोग्राफीत ते लगेच सापडतात, खड्याच्या मागे काळी सावली पडते, पेशंटला कुशीवर वळवलं की खडा घरंगळतो तेसुद्धा स्क्रीनवर दिसतं. आणि तेच खडे सीटीत कधीकधी दिसतच नाहीत, कारण कोलेस्टेरॉलच्या खड्याची घनता भोवतीच्या पित्तासारखीच असते. मुतखड्याचं मात्र उलटं, मूत्रवाहिनीत मधेच अडकलेला बारीक खडा शोधायला सीटी कधीही सरस, तेही कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, न देता. फक्त गरोदर बाई असेल तर आधी सोनोग्राफीच, कारण तिच्यात रेडिएशन नसतं. सोनोग्राफीची अडचण म्हणजे हवा आणि हाड, त्यांच्यापलीकडे ध्वनिलहरी नीट जात नाहीत, पोटात गॅस असला तर स्वादुपिंड झाकलं जातं. शिवाय करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून.

सीटीची खरी ताकद वेगात आहे. अपघात, पोटात अचानक उठलेली भयंकर कळ, डोक्याला मार, अशा वेळी काही मिनिटांत चित्र हातात येतं. स्ट्रोकमध्ये, म्हणजे मेंदूच्या झटक्यात, तर पहिला प्रश्न एवढाच असतो की रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि रक्तस्रावात तेच जिवावर बेतू शकतं. रक्त सीटीत पांढरं उठून दिसतं. पण एक गोष्ट नातेवाईकांनी नक्की लक्षात ठेवा, गुठळीच्या स्ट्रोकमध्ये पहिल्या काही तासांत सीटी अगदी नॉर्मल दिसू शकतो, म्हणून 'सीटी नॉर्मल आलाय, घरी जाऊ' असं स्वतःच ठरवू नका. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात (पेशींतल्या पाण्याची हालचाल दाखवणारा एक प्रकार) तेच नुकसान फार लवकर दिसतं, पण तिथे वेळ लागतो आणि अत्यवस्थ पेशंट स्थिर पडून राहत नाही.

सीटी एक्सरेच वापरतो, त्याच्या रेडिएशनचा हिशेब असा. छातीचा साधा एक्सरे जेमतेम 0.1 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), पोटाचा सीटी 8 ते 10 च्या आसपास, आणि काहीही न करता निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. म्हणजे गरजेचा सीटी घाबरून टाळू नये, पण लहान मुलांचा सीटी उगाच किंवा परत परत करू नये. कॉन्ट्रास्ट द्यायचं असेल तर आधी किडनीचा रिपोर्ट बघतात, आधी कधी ॲलर्जी झाली असेल तर ती सांगायचीच. कॉन्ट्रास्ट आत जाताना अंगभर गरम लाट येते, लघवी झाली की काय असंही वाटतं, ते नॉर्मल आहे.

एमआरआय मेंदू, मणका, गुडघ्याचे लिगामेंट, प्रोस्टेट यासाठी उत्तम. रेडिएशन नाही, पण अरुंद बोगद्यात बराच वेळ न हलता पडायचं, ठकठक आवाज सतत, हातात एक रबरी फुगा देतात तो दाबला की बाहेरचे लोक थांबवतात. हे मशीन म्हणजे मोठं चुंबक, म्हणून पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी उडालेला लोखंडाचा कण, हे आधीच सांगा, लाजू नका.

आता 'लवकर निदान'. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण काहीही त्रास नसताना फुल बॉडी स्कॅन करणारे वाढलेत. लवकर सापडणं कामाचं कधी, तर लवकर उपचार केल्याने जीव वाचतो तेव्हा. वर्षानुवर्षं जास्त सिगारेट ओढलेल्या लोकांमध्ये कमी डोसचा सीटी केल्यावर फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू एक्सरेच्या तुलनेत 20 टक्क्यांनी कमी झाले, हे 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. पण त्याच अभ्यासात सीटीत संशयास्पद दिसलेल्यांपैकी 96 टक्के लोकांना कॅन्सर नव्हताच! आणि दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागली तेव्हा 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान 15 पट झालं, मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे कितीतरी जणांच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या.

कंबरदुखीतही हेच. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतसुद्धा जवळपास 30 टक्क्यांच्या एमआरआयमध्ये डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी जरा बाहेर फुगलेली) दिसते, त्यामुळे रिपोर्टमधल्या त्या शब्दाने हादरू नका. पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, किंवा ताप, वजन घटणं असेल तर मात्र अजिबात थांबू नका.

पेट सीटी बहुतेकदा निदान झाल्यानंतरचा. किंचित किरणोत्सारी साखर शिरेतून देतात, कॅन्सरच्या बहुतेक पेशी ती जास्त ओढून घेतात आणि चमकतात. हॉजकिन लिम्फोमात (लसीका ग्रंथींचा एक कॅन्सर) केमोच्या दोन सायकलनंतर पेट करून पुढची औषधं कमी करायची की वाढवायची ते ठरवतात. पण सूज आणि इन्फेक्शनही चमकतं, टीबीच्या गाठीसुद्धा, त्यामुळे चमकलं म्हणजे कॅन्सर असं धरून चालू नका, नक्की सांगते ती बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी.

तर स्कॅन ठरवताना डॉक्टरांना सरळ विचारा, यात काही सापडलं तर उपचारात काय बदलेल आणि नाही सापडलं तर काय? दोन्हीचं उत्तर एकच असेल तर आत्ता करायची गरज आहे का तेही विचारा. आणि जुन्या स्कॅनची नुसती रिपोर्टची प्रत नको, मूळ चित्रांची सीडीही न्या, कारण फुप्फुसातला बारीक ठिपका दोन वर्षांपूर्वीही तेवढाच होता हे कळलं तर बऱ्याचदा पुढचं काहीच करावं लागत नाही.