जाहिरातीत पोनी, मैदानात रेसचा घोडा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पुण्याच्या आसपास लहान मुलांच्या घोडेस्वारी कॅम्पच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. 'वय वर्षे ४ पासून', गुबगुबीत पांढऱ्या पोनीवर बसून हसणारं मूल आणि कोपऱ्यात 'मर्यादित जागा'. अशाच एका जाहिरातीला आम्ही १४,५०० रुपये मोजले. लेकीच्या हाताला प्लास्टर पडलं आणि पैसे अजून परत मिळालेले नाहीत. क्लबचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. फसवतात कसे ते मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्याला जाहिरात वाचतानाच खटकायला हवं ते खटकेल.

पैसे घेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर जे आलं ते जसंच्या तसं माझ्याकडे आहे: प्रत्येक मुलाला वयानुसार पोनी, सर्टिफाइड ट्रेनर, इंटरनॅशनल दर्जाचं हेल्मेट, इन्शुरन्ससह. बारा सेशनचं पॅकेज, पैसे आगाऊ. आम्ही आधी जागा पाहायला गेलो, तेव्हा तिथे खरोखरच एक छोटी पोनी होती. सावलीत बांधलेली, गवत खात होती. मुलांनी तिला गाजर भरवलं, फोटो काढले. पावती मागितली तर 'सिस्टीममधून जनरेट होईल मॅडम, मेलवर येईल' असं उत्तर मिळालं. मेल आजतागायत आलेली नाही. ती पोनी एका रविवारपुरती शेजारच्या फार्महाउसवरून आणली होती, हे नंतर तिथल्याच पोराने सांगितलं.

कॅम्प सुरू झाला त्या सकाळी पोनी नव्हती. 'तिला ताप आहे, डॉक्टर बघून गेले.' तिच्या जागी एक तांबूस रंगाचा उंच घोडा आणून उभा केला. माझ्या खांद्याच्या वर त्याची पाठ. 'घोडा एकदम शांत आहे, दोन-दोन वर्षांची मुलं बसतात याच्यावर,' मॅनेजर म्हणाला. लेक साडेचार वर्षांची, वजन पंधरा किलो. मी नको म्हटलं. त्यावर 'मग आजचं सेशन लॅप्स होईल, रिफंड पॉलिसीत बसत नाही' हे ऐकवलं गेलं, आणि आजूबाजूच्या तीन-चार पालकांची मुलं रांगेत उभीच होती. धंद्याची खरी मेख इथे आहे. पैसे आधी घेतलेले असतात, मूल हट्टाला पेटलेलं असतं, आणि ऐनवेळी घोडा बदलला जातो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त दफेदार राहतात. अख्खी नोकरी सैन्यात घोड्यांबरोबर गेलेली, मूळचे सातारकडचे. त्यांना नंतर मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "ताई, हे घोडं रेसचं आहे. पाय बघा, मान बघा. सोळा हँडच्या खाली नाही." घोड्याची उंची खांद्यापाशी, म्हणजे मान संपते तिथपर्यंत, मोजतात आणि एक हँड म्हणजे चार इंच. सोळा हँड म्हणजे पाच फूट चार इंच. त्यावर खोगीर, त्यावर मूल. पोराचं डोकं जमिनीपासून सात फुटांवर जातं. १४.२ हँडच्या, म्हणजे चौदा हँड दोन इंचांच्या, आतला घोडा तो पोनी अशी सर्वसाधारण विभागणी आहे, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला दहा-अकरा हँडचं तट्टू पुष्कळ झालं, असं त्यांचं मत.

रेसचा घोडा कॅम्पमध्ये का येतो, तर स्वस्त मिळतो म्हणून. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा दोन वर्षांचा असतानाच धावायला लागतो आणि बऱ्याच घोड्यांची कारकीर्द सात-आठ वर्षांच्या आत आटोपते. घोडा जगतो मात्र पंचवीस वर्षं. दाणा, वैरण, नाल, डॉक्टर हा खर्च मालकाला नको असतो. मुंबई आणि पुणे या दोन्ही ठिकाणी रेसकोर्स असल्यामुळे असे घोडे या पट्ट्यात किरकोळ किमतीत, कधी फुकटही मिळतात. यात घोड्याचा काही दोष नाही. नीट वेळ देऊन शिकवला तर तोच घोडा मोठ्या माणसाला उत्तम स्वारी देतो. पण तो वेळ देतो कोण? दफेदार काकांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. शर्यतीत जॉकी लगाम ताणून धरतो आणि घोडा त्या ताणावर टेकून पळतो, हेच त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. घाबरलेलं मूल काय करतं? लगाम दोन्ही हातांनी गच्च ओढून धरतं. मुलाला वाटतं आपण थांबवतोय, घोड्याला वाटतं निघायचंय.

चीड येते ती आणखी एका कारणाने. ठेंगण्या, काटक भीमथडी तट्टांसाठी हाच मुलूख ओळखला जातो. आजही पुणे, सातारा, सोलापूरकडचे मेंढपाळ धनगर आपलं बिऱ्हाडबाजलं त्यांच्यावर लादून फिरतात. लहान मुलांना शिकवायला या भागात लहान घोडा मिळत नाही, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आता त्या सकाळचं. शेवटी लेकीला त्याच घोड्यावर बसवलं. हेल्मेट म्हणून जे दिलं ते सायकलचं होतं, वर मोठाल्या फटी असलेलं. घोडेस्वारीचं हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूला खालपर्यंत येतं, कारण घोड्यावरून माणूस पाठीवरही पडतो. त्याच्या आत ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ११६३ असं मानक छापलेलं असतं. हे तेव्हा मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. ज्यांनी 'इंटरनॅशनल दर्जा' म्हणून पैसे घेतले त्यांना माहीत असायला हवं होतं. हनुवटीखालचा पट्टा इतका सैल की त्यात माझी मूठ गेली असती.

रिकिबी, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कड्या, मोठ्या माणसाच्या मापाच्या. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत वर घेतला तरी लेकीचे पाय पोचेनात. तर घोडा धरणाऱ्या पोराने काय केलं, रिकीब तशीच लोंबकळत ठेवून वरच्या चामडी पट्ट्याच्या वेढ्यात तिचे पाय खोचले. 'असंच करतो आम्ही लहान मुलांना.' पायात क्रॉक्स. मी हे नंतर दफेदार काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. पडताना पाय त्या वेढ्यात अडकला तर मूल घोड्याबरोबर फरफटतं, आणि घाबरलेला घोडा मागे काहीतरी लटकतंय म्हणून आणखी जोरात पळतो. बुटाला टाच लागते ती याचसाठी, पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून. त्या पोराने पुढे तिला ओढणीने खोगिराला बांधायचंही सुचवलं होतं, 'म्हणजे पडणारच नाही.' ते मात्र मी होऊ दिलं नाही. बांधलेलं मूल सुटू शकत नाही. घोडा पडला किंवा खोगीर फिरलं तर ते त्याच्याखाली जातं.

आणि खोगीर फिरलंच. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, चार पावलं चालले की श्वास सोडतात आणि तंग सैल होतो. म्हणून थोडं चालवून तंग पुन्हा आवळायचा असतो. घोडा सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे कुणी परत हात लावला नाही. दुसऱ्या फेरीला कुंपणावरचा क्लबचाच फ्लेक्स वाऱ्याने फडफडला. घोडा पळाला नाही, उधळला नाही, नुसता एक पाऊल बाजूला सरकला. खोगीर डावीकडे कललं, लेक त्याच्याबरोबर कलली, एक पाय वेढ्यातून निसटला हे आमचं नशीब, आणि ती हातावर पडली. हेल्मेट तोवर मानेवर गेलेलं. घोडा धरणाऱ्या पोराने दोर मनगटाला गुंडाळला होता, त्यामुळे तोही ओढला गेला. त्याचं वय सोळा-सतरा असेल. सर्टिफाइड ट्रेनर तेव्हा ऑफिसच्या दारात फोनवर बोलत होता.

मनगटाच्या वर ग्रीनस्टिक फ्रॅक्चर. लहान मुलांचं हाड ओल्या काटकीसारखं एका बाजूने चिरतं, पूर्ण तुटत नाही. 'डोक्यावर पडली नाही हे बघा,' असं ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले. या वयात शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू कच्चे, त्यामुळे मूल पडताना डोकं पुढे जायला बघतं. शिवाय मोठ्या घोड्याची पाठ इतकी रुंद असते की छोट्या मुलाचे पाय दोन्हीकडे फाकून खोगिराच्या वरच्या भागावरच राहतात. घोड्याच्या अंगाला ते लागतच नाहीत, मग मांड कसली आणि इशारा कसला. मूल स्वारी करत नसतं, फक्त वर ठेवलेलं असतं. माथेरानला दस्तुरी नाक्यापासून घोड्यावर बसून गेलेल्यांना वाटतं त्यात काय एवढं. अहो, तिथला घोडा रोज तीच वाट चालतो. आणि तिथेही लहान मुलाला असं एकटं वर ठेवलं तर धोका आहेच.

दवाखान्याचा खर्च विचारायला गेलो तेव्हा फसवणुकीचा दुसरा अंक सुरू झाला. इन्शुरन्सची प्रत मागितली. आठवडाभर टाळाटाळ करून एक कागद पाठवला. वाचला तर ती जनावरांची पॉलिसी! घोडा मेला तर मालकाला भरपाई. 'इन्शुरन्ससह' हे जाहिरातीत खोटं नव्हतं म्हणे, फक्त विमा घोड्याचा होता. ट्रेनरचं सर्टिफिकेट एका दोन दिवसांच्या शिबिराला हजर राहिल्याचं निघालं. पांढऱ्या पोनीचा तो फोटो इंटरनेटवर टाकून शोधला तर कुठल्याशा परदेशी फोटो विकणाऱ्या साइटवर सापडला.

मग त्यांनी फॉर्म पुढे केला. पहिल्या दिवशी टॅबवर बोटाने सही घेतली होती, 'फक्त नाव-पत्ता आहे' असं सांगून. त्यात इंग्रजीत, बारीक अक्षरात, काहीही झालं तरी क्लब जबाबदार नाही असं लिहिलेलं. आम्ही ओळखीच्या वकील बाईंना दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की अशी सही घेतली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. सांगितलेली सेवा एक आणि दिलेली दुसरी, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतली त्रुटी ठरू शकते. पावती न देणं हीसुद्धा याच कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्लबने त्याला उत्तर दिलं नाही, मला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक तेवढं केलं. म्हणून जिल्हा आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची. पुरावा म्हणून कामाला आलं ते म्हणजे चॅटचे स्क्रीनशॉट, गूगल पेची नोंद, डॉक्टरांचे कागद आणि नवऱ्याने काढलेला तो व्हिडिओ, ज्यात वेढ्यात खोचलेला पाय स्पष्ट दिसतो. तेव्हा कुठेही मुलाला घोड्यावर बसवत असाल तर व्हिडिओ चेहऱ्याचा नको, पायाचा, पट्ट्यांचा आणि हेल्मेटचा काढा.

पैसे देण्यापूर्वी घोडा कोणता ते लेखी घ्या: नाव, उंची, फोटो. ऐनवेळी बदलला तर सेशन पुढे ढकलणार की पैसे परत करणार, तेही लिहून घ्या. बारा सेशनचे एकदम देऊ नका, एकेकाचे द्या. चांगली शाळा त्याला नाही म्हणत नाही. दफेदार काका आता त्यांच्या नातवाला जिथे नेतात तिथे सहा वर्षांखालच्या मुलांना पहिले काही महिने दोर धरूनच चालवतात, एक माणूस पुढे आणि एक मुलाच्या मांडीला हात लावून बाजूला. एका वेळी पंधरा मिनिटं, बस्स. तिथे लेकीला न्यायचं का यावर घरात अजून एकमत नाही. तिला स्वतःला जायचंय.

गेल्या आठवड्यात मॅनेजरचा नव्या नंबरवरून फोन आला. निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या, म्हणाला. घेतली नाही. त्याच संध्याकाळी एका मैत्रिणीने मला त्यांच्या दिवाळी कॅम्पची जाहिरात फॉरवर्ड केली. क्लबचं नाव बदललंय, पोनीचा फोटो तोच आहे, आणि आता लिहिलंय 'वय वर्षे ३ पासून'.