सिग्नल मेसेंजरला आपल्याबद्दल काय ठाऊक असते?

मेसेजिंग अ‍ॅप निवडताना बहुतेक लोक एकच गोष्ट विचारतात: आपला संदेश वाटेत दुसरे कोणी वाचू शकते का? प्रश्न महत्त्वाचाच आहे. परंतु केवळ त्याच्या उत्तरावर निवड करायची झाली, तर सिग्नल आणि व्हॉट्सअ‍ॅप यांच्यात फारसे अंतर उरत नाही, कारण मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी सिग्नलसाठी घडवलेला एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉलच (संदेश कूटबद्ध करण्याची ठरीव पद्धत) व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ पर्यंत आपल्या सर्व वापरकर्त्यांना लागू केला होता. मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे. सिग्नलचे वेगळेपण पाहायचे असेल, तर मजकूर बाजूला ठेवून त्याच्या भोवतालच्या माहितीकडे वळावे लागते: कोण कोणाशी बोलले, कधी आणि किती वेळा बोलले, कोणत्या गटात कोण आहे, आणि फोनमधील पत्त्यांच्या यादीत कोणाकोणाचे क्रमांक आहेत.

ही माहिती निरुपद्रवी वाटते, पण तशी ती नाही. एखाद्या व्यक्तीने रात्री उशिरा मानसोपचारतज्ज्ञाला फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी कौटुंबिक खटले लढवणाऱ्या वकिलाशी संपर्क साधला आणि त्याच दुपारी भाड्याचे घर शोधून देणाऱ्या दलालाला संदेश पाठवला, एवढे कळले तरी त्या घरात काय चालले आहे हे समजण्यासाठी एकही वाक्य वाचावे लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे खासगीपणाचे धोरण वापराविषयीची आणि उपकरणाविषयीची माहिती गोळा होते व मूळ कंपनीच्या इतर उद्योगांना काही प्रमाणात दिली जाते, असे उघडपणे सांगते. सिग्नलची सारी रचना ही माहिती मुळात जमाच होऊ नये, या दिशेने झाली आहे. माझ्या मते या अ‍ॅपचे खरे मोल तिथेच आहे.

या दाव्याची कसोटी २०१६ मध्ये लागली. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या पूर्व जिल्ह्यातील ग्रँड ज्युरीने (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) दोन फोन क्रमांकांशी निगडित माहिती सिग्नलकडे मागितली. त्यांपैकी एकाच क्रमांकाचे सिग्नलवर खाते होते, आणि त्या खात्याबद्दल सिग्नलला दोनच गोष्टी देता आल्या: खाते कधी उघडले, आणि ते सर्व्हरशी शेवटचे कधी जोडले गेले. नाव नाही, संपर्कांची यादी नाही, गट नाहीत, संदेशांच्या वेळा नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कंपन्यांनी धोरणात लिहिलेली वचने उद्या मालक बदलला की बदलू शकतात, न्यायालयाच्या आदेशापुढे ती मोडावीही लागतात. जी माहिती साठवलीच नाही, तिच्याबाबत तसे काही घडू शकत नाही.

त्यानंतरही हे काम थांबलेले नाही. २०१८ मध्ये आलेल्या सोयीमुळे पाठवणाऱ्याची ओळख लिफाफ्याच्या आत जाते आणि सर्व्हरला मुख्यतः संदेश कोणाला पोहोचवायचा एवढेच दिसते. गटाचे नाव, चित्र आणि सदस्यांची यादी सर्व्हरवर कूटबद्ध स्वरूपात असते, त्यामुळे गटात कोण आहे हे सर्व्हरला वाचता येत नाही. आपल्या ओळखीचे कोण सिग्नलवर आहे हे शोधताना फोनमधील क्रमांक सर्व्हरच्या प्रोसेसरमधील एका बंदिस्त भागात ताडून पाहिले जातात. यात हार्डवेअरवरचा विश्वास गृहीत धरलेला आहे, आणि इंटरनेटवरून जोडणी होते तेव्हा आयपी पत्ता, म्हणजे त्या जोडणीचा इंटरनेटवरील क्रमांक, सर्व्हरपर्यंत पोहोचतोच; म्हणून ‘सिग्नलला काहीच कळू शकत नाही’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र अ‍ॅपचा सोर्स कोड खुला आहे, आणि जाणकारांनी तो वर्षानुवर्षे तपासला आहे.

सर्वांत जुनी आणि रास्त तक्रार फोन क्रमांकाची आहे. खाते उघडण्यासाठी क्रमांक आजही द्यावाच लागतो. ज्या समाजात क्रमांक आणि ओळखपत्र यांची गाठ बांधलेली असते, तिथे ही अट खुपणारी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेमची सोय आली, तेव्हा या तक्रारीची अर्धी धार गेली. आता अनोळखी माणसाशी बोलायचे असेल तर त्याला क्रमांक न देता युजरनेम किंवा त्याचा क्यूआर कोड देता येतो, ते नाव हवे तेव्हा बदलता येते, आणि ज्याच्याकडे आपला क्रमांक आधीपासून जतन केलेला नाही त्याला तो दिसत नाही. जुन्या वस्तूंची विक्री, भाडेकरूशी पहिला संपर्क, मुलांच्या शिकवणीची चौकशी अशा कामांसाठी ही सोय फार उपयोगी आहे. पण एक सेटिंग स्वतः बदलावे लागते. ‘माझा क्रमांक कोणाला दिसावा’ याचे मूळ उत्तर ‘कोणालाही नाही’ असे असले, तरी ‘क्रमांकावरून मला कोण शोधू शकेल’ याचे मूळ उत्तर ‘कोणीही’ असे ठेवलेले आहे; ज्याच्याकडे आपला क्रमांक असेल त्याला आपण सिग्नलवर आहोत हे कळते. ज्यांना हे नको आहे त्यांनी प्रायव्हसीच्या विभागात जाऊन ते बंद करावे.

क्रमांकावर अवलंबून राहण्याचा धोका ऑगस्ट २०२२ मध्ये दिसला. पडताळणीचे एसएमएस पाठवण्यासाठी सिग्नल ट्विलिओ या कंपनीची सेवा घेत होते. त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फसवून कोणीतरी तिच्या यंत्रणेत शिरले आणि सिग्नलच्या सुमारे १,९०० वापरकर्त्यांचे क्रमांक किंवा पडताळणीचे कोड हल्लेखोरांच्या नजरेस पडू शकत होते. कोड हाती आला की दुसऱ्याचे खाते आपल्या फोनवर नोंदवता येते. जुने संदेश, संपर्क किंवा प्रोफाइल मात्र चोरांच्या हाती लागले नाही, कारण संदेश फोनवरच होते आणि बाकीच्यासाठी सिग्नलचा पिन लागतो. या प्रकारापासून वाचवणारी ‘रजिस्ट्रेशन लॉक’ ही सोय अ‍ॅपमध्ये त्या आधीपासून होती: ती सुरू असेल तर नव्या फोनवर खाते नोंदवताना एसएमएसच्या कोडसोबत पिनही विचारला जातो. ही सोय मुळात बंद असते. पिन विसरला तर काही दिवस खात्याबाहेर राहावे लागते, म्हणून ती ऐच्छिक ठेवली असावी. तरी पिन लक्षात ठेवण्याची तयारी असलेल्या प्रत्येकाने ती सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगेन. चार अंकांवर न भागवता अक्षरे आणि अंक मिळून लांब पिनही ठेवता येतो.

प्रत्येक संवादामागे एक ‘सेफ्टी नंबर’ असतो, पाच-पाच अंकांचे बारा गट, एकूण साठ अंक. समोरासमोर भेट झाली की एकमेकांच्या पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून आपण खरोखर त्याच व्यक्तीशी बोलतो आहोत, मध्ये कोणी बसलेले नाही, याची खात्री करता येते. समोरच्याने फोन बदलला की हा क्रमांक बदलतो आणि गप्पांमध्ये तशी नोंद दिसते. बहुतेक लोक त्या नोंदीकडे दुर्लक्ष करतात. पैशांची मागणी करणारा संदेश नेमका अशा नोंदीनंतर आला, तर आधी त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलून घेणे हाच शहाणपणा आहे.

आपोआप पुसले जाणारे संदेश हा माझ्या दृष्टीने रोजच्या वापरातील सर्वांत उपयुक्त भाग आहे. काही सेकंदांपासून चार आठवड्यांपर्यंत कोणतीही मुदत ठरवता येते, आणि प्रत्येक नव्या संवादासाठी ती आपोआप लागू व्हावी अशीही सोय आहे. ओळखपत्राचे छायाचित्र, तपासणीचा अहवाल, बँकेच्या खात्याचा क्रमांक या गोष्टी एकदा पाठवल्या की वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या फोनमध्ये पडून राहतात. मुदत घातली की हा साठा वाढत नाही. समोरच्याने पडद्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनने काढले तर अर्थातच कोणतेही अ‍ॅप ते रोखू शकत नाही.

एन्क्रिप्शन कितीही भक्कम असले तरी माणसाची चूक त्याच्या कक्षेबाहेर राहते, हे मार्च २०२५ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या येमेनवरील हल्ल्यांची चर्चा करणाऱ्या सिग्नल गटात एका मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांना चुकून सामील करून घेतले गेले. त्या प्रकरणानंतर सिग्नलवर बरेच ताशेरे ओढले गेले, ते मला अन्यायाचे वाटतात. चुकीच्या माणसाला आत घेतल्यावर दार मजबूत असण्याचा काही उपयोग होत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलच्या सुरक्षा पथकाने दाखवून दिलेला धोका अधिक गंभीर आहे: रशियाशी संबंधित हल्लेखोर सिग्नलच्या एखाद्या गटात येण्याचे आमंत्रण वाटावे असा बनावट क्यूआर कोड पाठवत, आणि तो स्कॅन केला की त्यांचे उपकरण आपल्या खात्याशी जोडले जाई. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी अधूनमधून उघडून पाहणे आणि ओळखीचे नसलेले उपकरण काढून टाकणे, यास अर्धा मिनिटही लागत नाही.

बॅकअपच्या बाबतीत सिग्नल दीर्घकाळ कमी पडत होते. फोन हरवला किंवा बिघडला की सारे संभाषण गेले, हा अनुभव अनेकांनी घेतला आणि त्यातले कित्येक जण परत जुन्या अ‍ॅपकडे वळले. २०२५ मध्ये आलेली कूटबद्ध बॅकअपची सोय ही उणीव भरून काढू लागली आहे. तिची चौसष्ट अक्षरांची किल्ली केवळ वापरकर्त्याकडेच राहते. ती हरवली तर सिग्नलही मदत करू शकत नाही. ती कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.

हे सारे फुकट कसे मिळते, ही शंका योग्य आहे, कारण फुकट सेवांची किंमत अनेकदा आपल्या माहितीतूनच वसूल होते. सिग्नल चालवणारी संस्था ना-नफा तत्त्वावरची आहे. २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांच्या ५ कोटी डॉलरच्या पाठबळावर तिची स्थापना झाली, आणि आता मेरेडिथ व्हिटेकर तिच्या अध्यक्ष आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये संस्थेने आपला खर्च जाहीर केला, तेव्हा २०२५ पर्यंत तो वर्षाला सुमारे ५ कोटी डॉलरवर जाईल असा तिचा अंदाज होता. त्यात पडताळणीच्या एसएमएसवरच वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जात होते. जाहिराती नाहीत, माहितीची विक्री नाही; देणग्यांवर भार आहे. ज्यांना परवडते त्यांनी थोडी देणगी अवश्य द्यावी.

उरते ती सर्वांत व्यावहारिक अडचण: आपले लोक तिथे नसतात. सगळ्यांना एकदम हलवण्याचा प्रयत्न सहसा फसतो. ज्यांच्याशी आजारपण, पैसा, नोकरीतील वाद किंवा घरातील ताणतणाव यांविषयी बोलणे होते, अशा चार-पाच जणांपासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते, आणि लग्नाच्या निमंत्रणांचा नि सणाच्या शुभेच्छांचा गट आहे तिथेच राहिला तरी चालतो. आवाजाची व व्हिडिओ कॉलची गुणवत्ता समाधानकारक आहे, संगणकावरील आवृत्ती विश्वासार्ह आहे, आणि विंडोजवर ती २०२५ पासून पडद्याची छायाचित्रे घेऊन साठवणाऱ्या ‘रिकॉल’ सुविधेला आपल्या खिडकीचे छायाचित्र आपणहून नाकारते. फोन क्रमांकाची अट जाईपर्यंत मी या अ‍ॅपला पूर्ण गुण देणार नाही. पण खासगी बोलण्यासाठी एकच अ‍ॅप सुचवायचे असेल, तर मी हेच सुचवतो.