45-70 साठी तयार मिश्रणाच्या लगडी मागवल्या, भंगाराचा नाद सोडला

ओहायोत राहतो, गॅरेजमध्ये गेली सहा वर्षं माझ्या 45-70 साठी (हे रायफलच्या जुन्या, जाड काडतुसाचं नाव) गोळ्या ओततोय, म्हणजे फक्त शिशाची गोळी, बाकी काडतुसाचं नंतर. रायफल 1886 च्या विंचेस्टरची नवी प्रतिकृती आहे आणि साचा 405 ग्रेनचा (ग्रेन हे गोळी तोलायचं छोटं एकक). आधीच सांगतो, इथे स्वतःपुरत्या गोळ्या ओतायला वेगळा परवाना लागत नाही, पण भारतात 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागसुद्धा येतात, त्यामुळे तिकडच्या कुणी हे वाचून घरी भट्टी लावू नका.

पाच वर्षं मी टायरच्या दुकानांतून चाकाला लावायची जुनी वजनं आणायचो. स्वस्त पडायची, त्यात शिशाबरोबर तीनेक टक्के अँटिमनी आणि जेमतेम अर्धा टक्का कथील, गोळी ठीक यायची. पण आता त्या बादलीत निम्मी वजनं लोखंडाची नाहीतर जस्ताची निघतात, कारण कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनसारख्या राज्यांनी शिशाची वजनं बंदच केलीत. मागच्या वर्षी एका विक्रेत्याकडून वितळवून लगडी केलेला माल घेतला, "निवडलेला आहे" म्हणाला, आणि त्यात जस्त निघालं. शिसं 327 अंशाला वितळतं, जस्त 419 ला, त्यामुळे आपण स्वतः वजनं वितळवताना आच कमी ठेवली तर जस्ताचे तुकडे वर तरंगतात आणि पळीने काढता येतात, पण एकदा ते मिसळून लगड झाली की बघून कळत नाही. भांड्यात वर लापशीसारखा थर आला, साच्यात गोळीच्या कडा भरेनात, बुडाची धार गोल. वीस पौंड माल तसाच बाजूला ठेवावा लागला, जीव हळहळला.

म्हणून या वेळी तयार, प्रमाण लिहून दिलेलं मिश्रण मागवलं. तीन प्रकार घेतले: लायमन नंबर 2 (90 टक्के शिसं, 5 कथील, 5 अँटिमनी), लिनोटाइप (84 शिसं, 12 अँटिमनी, 4 कथील) आणि वीसास एक, म्हणजे वीस भाग शिसं आणि एक भाग कथील, अँटिमनी अजिबात नाही. भंगारापेक्षा जवळजवळ दुप्पट पैसे गेले. लगडी कोरड्या, स्वच्छ, प्रत्येकीवर शिक्का. कोरड्या हे मुद्दाम लिहितोय, कारण ओली लगड वितळलेल्या शिशात टाकली तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि अख्खं भांडं अंगावर उडतं, त्यामुळे मी तरीही प्रत्येक लगड आधी भांड्याच्या काठावर ठेवून गरम करूनच आत सोडतो.

लिनोटाइपबद्दल मला जरा जास्त ओढ होती. माझे आजोबा सांगलीत छापखान्यात खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवायचे, ते खिळे याच तीन धातूंचे, प्रमाण थोडं वेगळं. छपाईसाठी धातूच्या ओळी ओतणारं लिनोटाइप यंत्र, ज्यावरून या मिश्रणाला नाव पडलं, ते पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात लागलं तेही 1886 सालीच. अँटिमनीमुळे धातू थंड होताना कमी आकसतो म्हणून अक्षराची कड धारदार येते, आणि हे मिश्रण 240 अंशांच्या आसपास एकदमच पातळ होतं आणि एकदमच गोठतं. गोळ्या इतक्या सुंदर पडल्या की हातात घेऊन बघत बसावं, प्रत्येक खाच स्वच्छ. पण रेंजवर गेलो तर निराशा. वीस फैरींनंतर नळीत बघितलं, आट्यांच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) कडेला चांदीच्या वर्खासारख्या शिशाच्या पट्ट्या, ब्रशने घासून घासून काढल्या.

खूप लोकांना वाटतं गोळी जितकी कडक तितकं शिसं नळीत कमी चिकटतं. सगळ्या ठिकाणी तसं नसतं. लिनोटाइप ब्रिनेल (कडकपणाचं माप, आकडा जास्त तितका धातू कडक) 22 च्या आसपास, आणि माझं काडतूस हळू, जुन्या धाटणीचं, त्यात तेवढा दाबच नाही की ती गोळी मागून फुगून नळीत घट्ट बसेल. मग गरम वायू बाजूने निसटतो, गोळीची कड कापत नेतो आणि ते शिसं नळीला लागतं. गोळीचा व्यास नळीला बसतोय का हे आधी बघायचं, कडकपणा नंतर. जास्त वेगाच्या काडतुसात, बुडाला तांब्याची टोपी लावून, लिनोटाइप चांगलंच चालेल, पण माझ्या कामाला नाही.

वीसास एक हे मात्र मला मनापासून आवडलं. ब्रिनेल 10, नखाने जोर लावला तर ओरखडा उठतो. कथलामुळे धातू साच्यात सुरेख पसरतो. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, तापल्या पातेल्यात कथील लावून कापसाने फिरवला की क्षणात सगळं पांढरं व्हायचं, तोच गुण इथे उपयोगी पडतो. फक्त वजन बघून घ्या. साच्यावर 405 लिहिलेलं असलं तरी गोळीचं वजन मिश्रणावर ठरतं. माझ्या तराजूवर नंबर 2 ची गोळी 404, लिनोटाइपची 390 आणि वीसास एकची 417 ग्रेन भरली. मिश्रण बदललं की काडतुसातल्या बारुदीचं जुनं माप तसंच वापरू नका, माहितीपुस्तक काढून नव्याने सुरुवात करा. शंभर यार्डांवर वीसास एकचे पाच नेम माझ्या तळहाताखाली झाकले गेले, आणि नळी दोन बोळ्यांत स्वच्छ.

नंबर 2 मधलं आहे, ब्रिनेल 15, ज्याला एकच मिश्रण घेऊन सगळं करायचंय त्याने हे घ्यावं. माझी तक्रार फक्त किमतीची, कथील महाग आहे आणि त्यात ते 5 टक्के आहे.

कडकपणा मी चित्रकलेच्या पेन्सिलींनी तपासतो, मऊपासून कडकपर्यंत एकेक पेन्सिल लगडीवर ढकलत जायचं, जी पहिली घसरायच्या ऐवजी खोदते ती नोंदवायची. तिन्ही लगडींचा क्रम लिहिल्याप्रमाणेच निघाला, विक्रेत्याला याचे पूर्ण गुण.

धुराला फार घाबरू नका पण वर येणाऱ्या मळीला घाबरा, त्या भुकटीतच शिसं पोटात जातं. गॅरेजचं दार उघडं, पंखा बाहेरच्या दिशेला, तिथे चहासुद्धा नेत नाही, कपडे वेगळे धुतो आणि वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतो. घरात लहान मुलगी आहे, त्यामुळे बूटही आत येत नाहीत.

उरलेलं लिनोटाइप वाया जाणार नाही, शुद्ध शिशात निम्मंनिम्म मिसळलं की 92, 6, 2 होतं, ते मित्राच्या पिस्तुलाला लागतं, त्यालाच देतोय. स्वतःसाठी वीसास एकची आणखी पंचवीस पौंड काल मागवली.