मास्क, बूट, फिन्स, कॉम्प्युटर: १० महिने आणि २२ डाईव्ह वापरून झाल्यावर

मागच्या ऑक्टोबरात स्कुबा डायव्हिंगचा ओपन वॉटर म्हणजे सुरुवातीचा कोर्स करायच्या आधी गिअर विकत घ्यायचं की भाड्याचंच चालवायचं यावर मी महिनाभर डोकं लावत बसले होते. आता पावसामुळे समुद्र बंद आहे, मालवणात बोटी वर ओढून ठेवल्यात, माझं सामान धुऊन गॅलरीत वाळत घातलंय, म्हटलं निवांत लिहून काढू. कोर्स तारकर्लीला केला, जानेवारीत मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणी बेट, मार्चमध्ये अंदमानातलं हॅवलॉक आणि मे महिन्यात परत मालवण. माझी उंची ५ फूट १ इंच, चेहरा लहान, पाऊल लहान आणि चष्म्याचा नंबर मायनस ४, आणि हे आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरूनच आहे. भाड्याचं सामान मधल्या मापाच्या लोकांना बरोबर बसतं, आमच्यासारख्यांची पंचाईत होते.

सगळ्यात आधी मास्क. कोर्सच्या पहिल्या दिवशी भाड्याचा मास्क लावला तर तो गालाजवळून गळायला लागला, म्हणून मी पट्टा ओढला, तर अजून गळायला लागला. बोटीवरचे दादा म्हणाले, "ताय, पट्टो इतको ओढू नको, तेच्यामुळेच पानी शिरता." आणि खरंच तसंच असतं, पट्टा जास्त ताणला की सिलिकॉनची कड वाकडी होते आणि तिथूनच पाणी आत येतं. पण मूळ मापच मोठं असेल तर पट्टा ढिला करूनही काय होणार? त्याच आठवड्यात ठरवलं, दुसरं काही नाही घेतलं तरी मास्क स्वतःचा पाहिजे. दुकानात पट्टा मागे टाकून मास्क नुसता चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलकासा श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. मी सात-आठ मास्क असे लावून बघितले आणि त्यातले दोनच राहिले. फोटो बघून ऑनलाईन मास्क मागवू नका, अगदी कळकळीने सांगते.

चष्मेवाल्यांनी दोन वेगळ्या काचांचा मास्क घ्यावा, त्यात तयार नंबरच्या काचा बदलून बसवता येतात. माझा मास्क ३,८०० चा आणि काचांचे वेगळे ३,६००. महाग वाटले, पण नेत्राणीला १२ मीटरवर खडकाच्या फटीतून डोकावणारी ईल मला मिशीएवढ्या बारीक तपशिलासकट दिसली, तेव्हा ते पैसे वसूल झाले. कोर्समध्ये मला आपल्याच गेजवरचा आकडा नीट वाचता येत नव्हता हो, आणि खाली हवा किती उरलीय ते न दिसणं किती भीतीदायक असतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

एक चूक मात्र झाली. नवीन काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो घासून काढायचा असतो, ते मी केलं नाही. पहिल्याच डाईव्हला काच अशी धुरकटली की दर दोन मिनिटांनी थोडं पाणी आत घेऊन, नाकाने फुंकून बाहेर काढत बसले होते. मग घरी येऊन साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून बोटाने चार-पाच वेळा घासली, आणि आता डाईव्हच्या आधी थुंकी लावली की पुरतं. काचेवर कोटिंग असेल तर आधी दुकानदाराला विचारा. आणि मास्क काळ्या रबराच्या सामानाला चिकटून ठेवू नका, पारदर्शक सिलिकॉनला डाग पडतात.

फिन्समध्ये, म्हणजे पोहताना पायात घालायच्या पंखांमध्ये, माझे पैसे वाया गेले. आधी बुटासारखे पाय आत घालायचे फुल-फूट घेतले, ऑनलाईन, स्वस्त म्हणून. तिसऱ्या डाईव्हपर्यंत टाचेला फोड, आणि किनाऱ्यावरून आत जायचं तर अनवाणी. मालवणच्या खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. ते फिन्स देऊन टाकले आणि उघड्या टाचेचे फिन्स न् ३ एमएमचे बूट घेतले, दोन्ही एकत्र, एकाच दुकानात, बूट घालून फिन्स ट्राय करून. बुटाची जाडी बदलली की फिनचं मापही बदलतं ना. हॅवलॉकला नेमो रीफला किनाऱ्यावरूनच आत चालत जावं लागलं, मेलेल्या कोरलच्या तुकड्यांवरून, तेव्हा बुटांनी पाय वाचवले. रबरी पट्ट्याऐवजी स्प्रिंगचा पट्टा टाकून घेतलाय, हलत्या बोटीत एका हाताने चढतो.

कॉम्प्युटर, म्हणजे खोली, वेळ आणि शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं मनगटावरचं यंत्र, क्रेस्सी कंपनीचा लिओनार्डो. एकच बटण आहे, त्यामुळे सेटिंग करताना हवा तो पर्याय हुकला की परत पूर्ण फेरी मारायची, तेवढाच वैताग, पण पाण्याखाली आकडे ठसठशीत. सेफ्टी फॅक्टर (हिशेब किती सावधपणे धरायचा ते) मी १ वर ठेवते. बरेच जण म्हणतात गाईडकडे असतोच की, तुला कशाला. हॅवलॉकला दुसऱ्या डाईव्हला गाईड १४ मीटरवर होते आणि मी खाली वाळूतला स्टिंगरे बघत १७ वर, आणि मनगटावर बघितलं तर डेकोशिवाय (वर येताना सक्तीने टप्प्याटप्प्याने थांबावं न लागता) राहायची फक्त ९ मिनिटं उरलेली. गाईडचा कॉम्प्युटर गाईडच्या शरीराचा हिशेब ठेवतो, माझ्या नायट्रोजनचा नाही. कोर्समध्ये पीएडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात १८ मीटरला ५६ मिनिटं शिकवतात, पण ती दिवसाच्या पहिल्या डाईव्हची, दुसऱ्या डाईव्हला पहिलीत साठलेला नायट्रोजनही धरावा लागतो. मी तिथेच वर सरकले, ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून मग वर. परतीच्या विमानाच्या आधी १८ तास मोकळे ठेवले होते, तेही त्याच हिशेबातलं.

रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) घेतलं नाही आणि इतक्यात घेणारही नाही. वर्षाला सर्व्हिसिंग लागतं, चार महिने समुद्र बंद, आणि विमानात १५ किलोच्या बॅगेत ते कोंबायचं म्हणजे कपडे घरी ठेवायचे. रेग्युलेटरचा फक्त माउथपीस स्वतःचा लहान मापाचा घेतला, काही शे रुपयांत येतो, सेंटरवाले झिपटाय कापून दोन मिनिटांत बसवून देतात. मोठा माउथपीस दातात धरून माझा जबडा रात्री जेवताना दुखायचा, ते पूर्ण थांबलं. सगळ्या खरेदीत पैशाच्या मानाने जास्त सुख यानेच दिलं.

वेटसूट भाड्याचाच ३ एमएमचा, आतून लायक्राचा फुल बाह्यांचा सूट स्वतःचा. ढगळ सूटमधून पाणी सारखं आतबाहेर करतं आणि दुसऱ्या डाईव्हला हुडहुडी भरते, आतला लायक्रा असला की जरा सुसह्य होतं, आणि मालवणात जेलीफिश असतात त्यांच्यापासूनही बचाव. शिवाय नारिंगी एसएमबी (आपण खाली कुठे आहोत ते वर दाखवणारं फुगवायचं नळकांडं) आणि शिट्टी घेतली. मे महिन्यात किल्ल्याच्या बाजूला जेटस्की आणि बोटींची इतकी गर्दी असते की वर येण्याआधी ते नारिंगी नळकांडं वर सोडल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला मी ते घ्यायला लावलंय.

पावसाळ्यातली देखभाल म्हणजे प्रत्येक वस्तू गोड्या पाण्यात बुडवून ठेवून, सावलीत वाळवून, मगच बंद करायची. जुलैत मास्कच्या कडेला बारीक काळे ठिपके दिसले, बुरशीचे, कारण मी तो ओलसर असतानाच डब्यात ठेवला होता. जुन्या टूथब्रशने साबण लावून निघाले, एक ठिपका नाकाच्या खालच्या घडीत राहिलाय. काल परत घासून बघितला, अजून आहे.