बायकांच्या पायाच्या मापाचे सेफ्टी शूज: साइटवरच्या नऊ महिन्यांनंतर

वयाच्या ४६व्या वर्षी मी हिशेबाची नोकरी सोडली आणि बांधकामाच्या साइटवर पर्यवेक्षकाचं काम शिकायला लागले. त्याआधीची बावीस वर्षं खुर्चीत गेली होती. ड्रॉइंग वाचता येईल का, दिवसभर उन्हात उभं राहवेल का, मुकादम माझं ऐकेल का, हे सगळं माझं आधी मनात घोळवून झालं होतं. बुटांचा विचार मात्र एकदाही केला नव्हता. पहिले चार महिने मला सगळ्यात जास्त छळलं ते बुटांनीच.

स्टोअरमधून मिळालेला जोड पुरुषांचा होता, त्यांच्याकडे होता त्यातला सगळ्यात लहान. लांबीला बोटभर मोठा आणि टाचेला चांगलाच सैल. "दोन मोजे घाला ताई, बसेल," असं स्टोअरकीपर म्हणाला. मी घातले. पाय घामाने भिजले, पण टाच सैलच राहिली. शिवाय बूट जिथे वाकायचा ती जागा माझ्या चवड्याच्या पुढे होती, त्यामुळे बोटांवरच्या पोलादी टोपीची मागची कड प्रत्येक पावलाला बोटांच्या सांध्यावर घासायची. संध्याकाळी मोजा काढताना कातडी सोबत यायची.

मग एकदा स्लॅबची सळई बांधून झाल्यावर मी कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळ्यांपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, तपासत जाळीवरून चालले होते. सळयांमधलं अंतर १५० मिलिमीटर. बुटाचं रिकामं नाक वरच्या सळईखाली अडकलं, टाच बुटातून बाहेर आली आणि मी गुडघ्यावर आदळले. लिफ्टच्या डक्टची, म्हणजे लिफ्टसाठी सोडलेल्या पोकळीची, कड तिथून चार पावलांवर होती. फिटरने दंड धरून उठवलं. तो काही बोलला नाही, पण माझ्या बुटांकडे बघून त्याने मान हलवली. त्याच रात्री मी स्वतःच्या मापाचे बूट शोधायला बसले.

आता वापरतेय तो जोड घोट्यापर्यंतचा आहे, चामड्याचा, सेफ्टी शूजच्या आयएसओ २०३४५ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या एस३ दर्जाचा. दर्जाचा अर्थ माहीत हवा. बोटांवरच्या टोपीने २०० जूलचा आघात सोसायला हवा, म्हणजे साधारण एक मीटरवरून पडणारं २० किलोचं वजन. दाब १५ किलोन्यूटनचा, म्हणजे जवळपास दीड टन. एस३ म्हटलं की तळातून खिळा आत येऊ नये म्हणून मधला थर असतो, वरचं चामडं पाण्याला दाद देत नाही आणि सोलला खाचा असतात. एस१ला हा थर नसतो, आणि एस२ला पाण्याचा बंदोबस्त असला तरी थर नसतोच. सेंटरिंग, म्हणजे ओलं काँक्रीट धरून ठेवणारा फळ्यांचा सांगाडा, उतरवताना खिळे वर आलेल्या फळ्या पडलेल्या असतात, तिथे एस१ किंवा एस२ घालून जाऊ नका.

पण हे सगळे आकडे माझ्या पहिल्या बुटांवरही छापलेले होते. फरक पडला तो साच्याने. बूट ज्या कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, बेततात ते जर पुरुषाच्या पायाचं असेल, तर नुसतं छोटं करून ते बाईच्या पायाला होत नाही. आपल्यापैकी बहुतेकींची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. चवड्याला बसेल असा पुरुषांचा बूट घेतला की टाच खेळते, आणि टाचेला बसणारा घेतला की करंगळी चेपते. मोठ्या बुटात बोटं मागे राहतात आणि टोपीचा बराचसा भाग रिकाम्या जागेचं रक्षण करत बसतो. प्रयोगशाळेत पास झालेली टोपी माझ्या बोटांवर नसेल तर मला तिचा काय उपयोग? हे मी आता साइटवर येणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

नवा बूट टाचेला घट्ट धरतो आणि चवड्याशी मोकळा आहे. शिडीवरून उतरताना पाय पायरीवर कुठे टेकलाय हे कळतं. आधी मी प्रत्येक पायरी बघून उतरायचे, आता नजर वर ठेवता येते. परांचीवर चढायची धास्ती मी वयाच्या खात्यावर मांडली होती. ती बरीचशी बुटांची होती.

सहाव्या महिन्यात खिळ्याचा प्रसंग आला. कॉलमच्या शटरिंगची फळी पालथी पडली होती, वर सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा कागद. मी कागदावर पाय दिला आणि तळव्याखाली खडा आल्यासारखं वाटलं. पाय उचलला तर फळीही सोबत आली. खिळा सोलमध्ये रुतला होता, आत आला नव्हता. माझ्या जोडात पोलादी पत्र्याऐवजी विणलेल्या धाग्यांचा थर आहे. तो पाऊलभर पसरतो आणि बुटाबरोबर वाकतो, म्हणून उकिडवं बसून लेव्हल बघताना सोपं जातं. मात्र असा थर बारीक खिळ्याला पत्र्याइतका अडवेलच असं नाही. मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत यासाठी वेगळ्या खुणा आल्या: ४.५ मिलिमीटरच्या खिळ्याने चाचणी केलेला पीएल, ३ मिलिमीटरच्या खिळ्याने केलेला पीएस. तुमच्या कामात बारीक खिळे जास्त असतील तर पीएस किंवा पोलादी पत्रा बघा. पुढचा जोड मी पीएसच घेणार.

तक्रारी आहेत. पहिले दहा दिवस घोट्याच्या हाडावर कॉलरची शिवण टोचत होती. नाड्या गुळगुळीत आहेत, दुहेरी गाठ मारूनही जेवणाच्या सुट्टीपर्यंत सैल होतात. मी सपाट सुती नाड्या घातल्या. जिभेच्या दोन्ही बाजू वरपर्यंत शिवलेल्या नाहीत, तिथून काँक्रीटचं पाणी आत आलं. ही बारीक गोष्ट नाही. ओलं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, मोज्यात मुरलं की कातडी भाजते आणि सुरुवातीला दुखतही नाही. ओतकामाच्या दिवशी मी गमबूटच घालते, एस३ नाही. चामड्यावर उडालेलं काँक्रीटही तसंच वाळू दिलं तर चामडं तडकतं, म्हणून काम संपलं की ओल्या फडक्याने पुसून बूट सावलीत ठेवते.

घेताना संध्याकाळी घ्या, पाय फुगलेला असतो तेव्हा, आणि कामाचाच मोजा घालून. उतारावरून खाली चालून बघा, बोटं टोपीला लागली तर बूट लहान. चवड्यावर उभ्या राहा, टाच सुटली तर तो तुमचा नाही. विक्रेत्याला सरळ विचारा, साचा बायकांचा वेगळा आहे की पुरुषांचाच लहान केलाय? पहिल्या दुकानात मला गुलाबी पट्टी लावलेला जोड "लेडीज" म्हणून दाखवला होता. आत पाय घातला तर टाच तशीच सैल. टोपीवर एकदा जड काही पडलं की वरून बूट धड दिसला तरी बदला.

पुढच्या महिन्यात आमच्या साइटवर क्वालिटीच्या कामाला एक बाई येतायत, वय ५१, आधी शाळेत शिकवायच्या. मी त्यांना पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारायला सांगितली, लांबी आणि चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून घेतली आणि तो कागद मागणीपत्राला जोडला. स्टोअरकीपरने पहिल्यांदाच विचारलं, "टाचेची रुंदी पण लिहायची का?"