डोम जाळी झकास, पण ती कॉलर!

गच्चीच्या 110 मिमी (म्हणजे चार इंची) पाईपाच्या तोंडावर बसणारी पीव्हीसीची डोम, म्हणजे घुमटाकार जाळी. थेट कॉलरवर, म्हणजे तिच्या बुडाच्या सपाट कडेवर येतो. ती 8 मिमी जाड आहे. गवंडी ती कोब्यावर तशीच ठेवून कडेने सिमेंट फासतात आणि भोकाभोवती बांध तयार होतो. 1:100 उतारावर (मीटरला एक सेंटिमीटर) 8 मिमीचा बांध म्हणजे 80 सेंटिमीटरपर्यंत पसरलेलं डबकं! पुण्यात धो धो पाऊस कमी, रिपरिप जास्त. ते वाळायला उसंतच मिळत नाही. आधी शेवाळ, मग केसाएवढी भेग, आणि गणपतीपर्यंत खालच्या खोलीच्या छताला पिवळा डाग. दुकानदार हात झटकतो, वॉटरप्रूफिंगवाला अख्ख्या गच्चीचं कोटेशन पुढे करतो. काम असतं फूटभर कोब्याचं.

भोकाभोवती फूटभर चौरस कोबा इंचभर खोल फोडा, स्लॅबला धक्का नको. धूळ काढून, ओला करून लॅटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं द्रव) घातलेली सिमेंटची पातळ स्लरी लावा. वर 1:3 (सिमेंट:वाळू) मसाला, त्यातही लॅटेक्स, उतार चहूबाजूंनी भोकाकडे आणि कॉलरपुरती खाच. सात दिवस पाणी मारा. वाळल्यावर वॉटरप्रूफिंगचं कोटिंग लावून ते पाईपात चार इंच आत उतरवा. हे गवंडी हमखास टाळतात, आणि गळती नेमकी त्याच सांध्यातून होते. मग कॉलर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटवर दाबून बसवा, वरची कड कोब्याच्या खालीच राहायला हवी. सिलिकॉन नको, सिमेंटवरून सुटतं. शेवटी पाईपात बोळा कोंबून 48 तास पाणी साठवून बघा.

दोनच तारे देणार होतो, पण परतीच्या पावसाने मत बदललं. चपट्या जाळीवर दुधाची एक रिकामी पिशवी चिकटली तरी गच्चीचं तळं होतं. या डोमवर मात्र कबुतरांची पिसं, पिंपळाची पानं सगळं बुडाशी अडकलं आणि वरच्या फटींतून पाणी जात राहिलं. अर्थात 1200 चौरस फुटांच्या गच्चीला एकच पाईप असेल तर जाळीला बोल लावू नका. चार इंची पाईपाला जोरदार पावसात साधारण 400 चौरस फूट पुरे.

चार तारे ठरलेच होते. मार्चमध्ये साफ करताना उन्हाने ठिसूळ झालेली एक पट्टी हातात आली. साडेतीन. पुढची बिडाची घेणार, महाग पडली तरी.