ठिबकच्या कामाला इस्रायल की दक्षिण सुदान? जिवाच्या बाजूने केलेली तुलना

रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात ठिबकचं काम अंगवळणी पडलेली पोरं भरपूर आहेत. लॅटरल (ओळीतली ठिबकची नळी) अंथरणं, व्हेंचुरी (पाण्यात खत ओढणारं साधन) बसवणं, केळीच्या फर्टिगेशनचं म्हणजे पाण्यातून खत देण्याचं वेळापत्रक लावणं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. या हुन्नराला बाहेरदेशी किंमत आहे. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, तेव्हापासून इस्रायलचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत झालं. आफ्रिकेतही शेतीची कामं निघतात. पण यातले काही देश असे आहेत की लढाई थांबलेली नसते, किंवा थांबली तरी पुन्हा कधी पेटेल याचा भरवसा नसतो.

पगाराची तुलना एजंट करून देतो. तब्येतीची आणि जिवाची कोणी करून देत नाही, म्हणून ती इथे करतो आहे. हे दोन देश घेतले, कारण दोन्हीकडचा धोका वेगळ्या जातीचा आहे. इस्रायलमध्ये सावधगिरीची व्यवस्था सरकारने उभी केलेली आहे, तुम्ही ती पाळायची. दक्षिण सुदानमध्ये ती तुम्ही आणि तुमच्या कंपनीने सोबत न्यायची. निर्णय घेताना हा फरक पगाराच्या आधी बघा.

इस्रायल: देश नको, गावाचं नाव विचारा

तिथला मुख्य धोका रॉकेट आणि क्षेपणास्त्रांचा. सायरन वाजल्यावर आडोसा गाठायला किती वेळ मिळतो हे तुम्ही कुठे आहात त्यावर ठरतं. तेल अवीवला साधारण दीड मिनिट, बेरशेबाला एक मिनिट, गाझाच्या सीमेलगत पंधरा सेकंद किंवा त्याहून कमी. लेबनॉनच्या सीमेवर तर ताबडतोब. शेतीची कामं बऱ्याचदा या सीमांच्या जवळच असतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात गाझालगतच्या शेतांवर राबणारे थाई मजूर मोठ्या संख्येने मारले गेले आणि काहींना पळवून नेलं. ४ मार्च २०२४ ला लेबनॉनमधून डागलेलं क्षेपणास्त्र उत्तरेकडच्या मार्गालियोतच्या फळबागेत पडलं. त्यात केरळचा एक कामगार गेला. तो बागेत कामावर होता, हे ठिबकवाल्याने नीट लक्षात घ्यावं.

म्हणून कराराआधी शेताचं नाव मागा आणि नकाशावर सीमेपासूनचं अंतर स्वतः मोजा. १९९१ च्या आखाती युद्धानंतर तिथे नव्या घरांत जाड भिंतींची सुरक्षित खोली बांधणं सक्तीचं झालं. तिला ममाद म्हणतात. पण शेतमजुरांना पुष्कळदा तात्पुरत्या खोल्या मिळतात, तिथे ममाद नसतो. झोपायच्या जागेपासून आणि शेताच्या पार टोकापासून आडोसा किती पावलांवर आहे, याचं उत्तर मालकाकडून लेखी घ्या. उत्तर टाळलं तर ते काम नको. उघड्या रानात सायरन झाला नि जवळ काहीच नसेल तर जमिनीवर पालथं पडून दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे आणि दहा मिनिटं उठायचं नाही. होम फ्रंट कमांड या तिथल्या नागरी संरक्षण विभागाचं, सायरनची सूचना देणारं ॲप पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये घ्या. रुग्णवाहिकेचा नंबर १०१.

तब्येतीची बाजू तिथे पक्की आहे. दवाखाने उत्तम, पाणी नळाचं पिता येतं, खास लसीकरण लागत नाही. परदेशी कामगाराचा आरोग्यविमा काढणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. हल्ल्यात जखमी झालेल्या परदेशी माणसालाही तिथला राष्ट्रीय विमा मदत करतो, मात्र तो कायदेशीर मार्गाने देशात आलेला असला पाहिजे. व्हिसा नि करार स्वच्छ असणं हे इथे तब्येतीचंच प्रकरण होतं. २०२५ च्या मार्चमध्ये दहा भारतीय कामगारांना वेस्ट बँकमधल्या एका गावातून सोडवावं लागलं. कामाचं आमिष दाखवून नेलं होतं आणि पासपोर्ट काढून घेतले होते. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवू नका, कितीही गोड बोलला तरी.

दक्षिण सुदान: गोळीआधी ताप

९ जुलै २०११ ला हा देश स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या डिसेंबरात तिथे यादवी पेटली. २०१८ मध्ये करार झाला, तरी टोळ्यांच्या चकमकी नि रस्त्यावरची लूटमार चालू राहिली. हल्ल्याची बातमी मोठी होते. पण तिथे गेलेल्या माणसाला रोज गाठतो तो डास, खराब पाणी आणि रस्ता.

मलेरियाचं आधी. सातपुड्याच्या पायथ्याशी राहिलेल्याला वाटतं, हिवताप आपल्याला नवा नाही. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपॅरम जातीचा आहे. तो मेंदूपर्यंत जातो, वेळ दवडली तर दोन-तीन दिवसांत माणूस हाताबाहेर जातो, आणि क्लोरोक्विनवर तिथे विसंबता येत नाही. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्याच लागतात. डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे चालू ठेवतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, निदान दोन आठवडे आधीपासून. कोणती गोळी तुम्हाला चालेल ते डॉक्टरच ठरवतील. मुक्काम वर्षभराचा आहे हे त्यांना आधी सांगा. औषध लावलेली मच्छरदाणी आणि रक्ततपासणीचे किट सोबत हवेत. ताप आला की त्याच दिवशी तपासणी.

नंदुरबार-धडगावकडच्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल बराच आढळतो. जाण्याआधी ही तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. सिकलसेलचा रुग्ण असेल तर मलेरियाच्या या मुलखात जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. नुसता वाहक असला तरी मलेरिया होतच नाही असं नाही.

पीतज्वराची लस नि तिचं पिवळं कार्ड अनिवार्य आहे. कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ही लस केंद्र सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, त्यामुळे तिकीट काढण्याआधी तारीख घ्या. कार्ड नसेल तर परतताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. धनुर्वात, कावीळ अ आणि ब, विषमज्वर, मेंदुज्वर, पोलिओचा वाढीव डोस, आणि कुत्र्यांचा वावर असेल तर रेबीजची लस, यांबद्दल निदान सहा आठवडे आधी डॉक्टरांशी बोला. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथे कॉलऱ्याची साथ जाहीर झाली होती. पाणी उकळूनच प्यायचं, ओआरएसची पाकिटं भरपूर न्यायची.

सापाचं कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. साप चावल्यावर आपल्याकडे जे विषावरचं इंजेक्शन देतात ते इथल्या सापांच्या विषावर केलेलं असतं, आफ्रिकेतल्या सापांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. गमबूट आणि रात्री बॅटरी, याला पर्याय नाही.

ठिबकवाल्याला तिथे आणखी एक धोका आहे, तो म्हणजे चर खोदण्याचा. जुन्या लढायांतले सुरुंग आणि न फुटलेले गोळे काही भागांत अजून जमिनीत आहेत. नवीन रानात पाइपलाइन टाकण्याआधी ती जमीन सुरुंगमुक्त केल्याचा कागद कंपनीकडे मागा. पायवाट सोडून आडरानात लघवीलाही जाऊ नका.

तिथली माती पुष्कळ भागांत आपल्या तापीकाठासारखी काळी चिकण. पावसाळ्यात कच्चे रस्ते कित्येक महिने बंद पडतात आणि आजारी माणसाला विमानाशिवाय हलवता येत नाही. राजधानी जुबाहून युगांडाच्या सीमेवरच्या निमुलेला जाणाऱ्या मुख्य रस्त्यावरही हल्ले झालेले आहेत. तेव्हा रात्रीचा प्रवास नको आणि एकटी गाडी नको. फोटोही परवानगीशिवाय काढू नका, साध्या पुलाच्या फोटोवरून पकडतात.

बाहेर पडायची वाट

दोन्हीकडे हा प्रश्न आधी सोडवायचा. जून २०२५ मध्ये इराणशी लढाई जुंपली तेव्हा इस्रायलचं आकाश बंद झालं. भारतीयांना रस्त्याने जॉर्डन नि इजिप्तमध्ये आणून ऑपरेशन सिंधूच्या विमानांत बसवलं. रस्ते चांगले होते, देश लहान होता, जमलं. जुलै २०१६ मध्ये जुबात लढाई झाली तेव्हा ऑपरेशन संकटमोचनमध्ये वायुदलाच्या विमानांनी दीडशेच्या आसपास लोक आणले. पण विमान जुबाला उतरतं. तुमचं शेत बोर किंवा रुंबेककडे असेल तर जुबापर्यंत पोचवणार कोण, हे करारात लिहून हवं. नैरोबीपर्यंत विमानाने रुग्ण हलवण्याचा विमाही त्यातच हवा. नेहमीच्या प्रवास विम्यात युद्धाचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, ते कलम शोधून वाचा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी हवी असा शेरा. दक्षिण सुदान ईसीआरच्या अठरा देशांत येतो, म्हणून ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाख. एजंट ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ म्हणाला तर हे सगळं संरक्षण गेलं. पोचल्याबरोबर दूतावासात नाव नोंदवा, मग तो तेल अवीवचा असो की जुबाचा.

मग कोणी काय धरावं

पहिल्यांदाच देश सोडणाऱ्याने, साखर-रक्तदाबवाल्याने, घरात एकटाच कमावता असणाऱ्याने या दोहोंत इस्रायल धरावं. तेही दोन्ही सीमांपासून लांबचं शेत आणि ममाद असलेली खोली मिळत असेल तरच. सीमेलगतच्या बागेपेक्षा जामनेरात थांबलेलं बरं. दक्षिण सुदानला फक्त त्याने जावं ज्याची कंपनी तिथे आधीपासून काम करते, जिचा स्वतःचा डॉक्टर किंवा दवाखान्याशी करार आहे, आणि जिने बाहेर काढायची हमी कागदावर दिली आहे. या तीनपैकी एक जरी नसेल तर मी माझ्या घरच्या पोराला पाठवणार नाही.

आणि दक्षिण सुदानहून परतलेल्याला वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, ‘मी आफ्रिकेत होतो.’ इथे डेंग्यू-व्हायरलच्या दिवसांत फाल्सिपॅरम सहज निसटतो. मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासून घ्या. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी ताप राहिल्यास दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.